'अप्रतिम' म्हणून सुटका होत नाही

प्रिय ताई,
मी डोंबिवलीला राहते, वय ३९, एका सहकारी बँकेत नोकरी. आमच्या सोसायटीत एका रिटायर्ड प्राध्यापकांच्या घरी दर महिन्याला एका रविवारी आम्ही आठ-नऊ जण जमतो. एकाने हल्ली आवडलेलं एक पुस्तक आणि एक अल्बम आणायचा, त्यावर बोलायचं, थोडं वाचून आणि ऐकवून दाखवायचं. गेल्या महिन्यात कुमार गंधर्व लावले होते. सगळे डोळे मिटून डोलत होते आणि मी मनात भाजीची यादी करत होते. सरांनी विचारलं कसं वाटलं, मी म्हटलं, "अप्रतिम." त्याच्या आधी 'कोसला' झालं, तेव्हा पण अप्रतिमच म्हटलं, खरं तर साठाव्या पानावर सोडलं होतं. आता ह्या महिन्याच्या शेवटच्या रविवारी माझी पाळी आहे. मला मनापासून आवडलेलं सांगायचं तर सुहास शिरवळकरांची 'दुनियादारी' (तिसऱ्यांदा वाचली) आणि 'गारवा'. हे तिथे सांगितलं तर माझी काय किंमत राहील? तुम्हाला हल्ली काय आवडलं ते सांगा ना, त्यातलंच एखादं माझं म्हणून खपवते.
– घाबरलेली डोंबिवलीकर

अगं घाबरलेल्या डोंबिवलीकर,

तुझं पत्र वाचून मी आधी एकटीच हसले आणि मग जरा वरमले, कारण ते यादीचं प्रकरण मी पण केलंय, फक्त माझी किराण्याची असते. मी मिरजेची. आमच्याकडे सतारी-तंबोरे बनतात, २०२४ मधे त्यांना जीआय टॅग पण मिळाला, दर्ग्याच्या उरुसात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या आठवणीत गाणं होतं, त्यामुळे मिरजेची बाई म्हणजे हिला गाणं कळतच असणार असं सगळे धरून चालतात आणि मी पण बरीच वर्षं ते चालवून घेतलं. पंचविशीत असताना एकदा तिथे अगदी पुढे जाऊन बसले होते. कलाकार आले, तंबोरे छेडले, काय ते गुंजन, मी मान डोलावून चांगलं मोठ्यांदा "वा!" म्हटलं. शेजारी एक म्हातारे कारागीर होते, ते हळूच म्हणाले, "बाई, अजून सूर लावाय लागल्यात, गाणं व्हायचंय." पुढचे दोन तास मी मान हलवली नाही, बरोबर जागी सुद्धा नाही. नंतर कळलं की १९७१ साली न्यूयॉर्कमधे बांगलादेशसाठी झालेल्या त्या मोठ्या कार्यक्रमात पण रविशंकर आणि अली अकबर खाँ वाद्यं जुळवत होते आणि हजारो लोकांनी त्यालाच टाळ्या दिल्या, रविशंकरांनी वर त्यांना गोड शब्दात टोमणा पण मारला. तेव्हा कुठे मला जरा हायसं वाटलं.

सांगायचं काय, तर डोलणाऱ्या आठ माणसांतली निदान तीन तरी यादीच करत होती, लिहून ठेव. सर पण कदाचित.

तुझी खरी भानगड आवडीची नाहीये, त्या 'अप्रतिम' शब्दाची आहे. अप्रतिम, निःशब्द, अंगावर काटा, हे शब्द आपण कधी वापरतो? पुढचा प्रश्न येऊ नये म्हणून. दारातून सेल्समनला "नको नको" म्हणतो ना, तसंच ते. महिनाभर ह्या शब्दाला सुट्टी दे. त्याऐवजी फक्त एवढं सांग की नक्की कुठे थांबलीस, कुठलं पान परत वाचलंस, कुठल्या जागी गाणं मागे घेऊन ऐकलंस, आणि कुठे झोप आली. झोप कुठे आली ते सांगायला पण लक्ष देऊन ऐकावं लागतं बरं का.

माझंच सांगते, 'कोसला'पासून. मी होस्टेलवर असताना पहिल्यांदा वाचलं आणि पोट धरून हसले, कारण ते मेसचे हिशेब, ते उदाहरणार्थ-वगैरे करत बोलणं, ते सगळं आमच्याच खोलीत चालू होतं. पुस्तक आलं १९६३ साली, नेमाडे तेव्हा पंचविशीतले, आणि आम्ही वाचत होतो त्याला कितीतरी वर्षं उलटून गेलेली तरी ते शिळं वाटलं नव्हतं. गेल्या वर्षी परत काढलं. ह्यावेळी हसू कमी आलं, पांडुरंगचा, म्हणजे त्यातल्या नायकाचा, राग पण आला, बापाच्या पैशावर किती तो कंटाळा! डायरीचा भाग मला तेव्हाही जड गेला होता आणि आताही गेला, सरळ पानं उलटली. पण त्याच्या धाकट्या बहिणीचं, मनीचं मरण येतं ना, तिथे मी पुस्तक खाली ठेवून गॅलरीत जाऊन उभी राहिले. वीस वर्षांची असताना त्याच पानांवरून मी तशीच पुढे गेले होते, आठवत सुद्धा नव्हतं. तू साठाव्या पानावर सोडलंस म्हणजे तिथपर्यंत पोचलीच नाहीस. पोच असं मी म्हणत नाहीये. पण "मला हा मुलगा साठ पानांच्या वर सहन झाला नाही" हे वाक्य त्या बैठकीत बोललीस तर 'अप्रतिम'पेक्षा शंभर पट चांगली गप्पा सुरू होईल.

कुमारांचं थोडं वेगळं आहे. त्यांना ऐकताना तुला कंटाळा का आला असेल ह्याचा मला अंदाज आहे, कारण मला पण यायचा. आपल्या कानाला भीमसेन जोशींचा लांबच लांब सूर सवयीचा, आणि कुमार मधेच तोडतात, एकदम वर फेकतात, परत गप्प. १९४७ च्या सुमाराला त्यांना टीबी झाला, देवासला काही वर्षं ते अंथरुणाला खिळून होते, गाणं बंद, एक फुप्फुस जवळजवळ निकामी. पडल्या पडल्या रस्त्यावरून जाणाऱ्या माळवी बायकांची गाणी कानावर येत राहिली आणि १९५० नंतर परत गायला लागले तेव्हा त्या लोकधुनांमधून नवे राग काढले आणि श्वास तोकडा म्हणून छोट्या छोट्या झेपांची अशी गायकी उभी राहिली. हे सगळं वाचल्यावर मला गाणं 'कळलं' असं काही नाही, पण ते तोडणं मला खटकायचं बंद झालं. तरीसुद्धा सुरुवात मोठ्या ख्यालाने करूच नये, त्यांची कबीराची निर्गुणी भजनं आधी ऐकावीत, लहान असतात, शब्द कळतात, आणि तो वर फेकलेला सूर तिथे कशासाठी आहे ते आपोआप समजतं. तुमच्या त्या रविवारी कोणीतरी सरळ अर्ध्या तासाचा ख्याल लावला असणार. ती लावणाऱ्याची चूक, तुझी नाही.

बरं, आता मला हल्ली काय आवडलं. सांगते, पण ते तुझं म्हणून खपवायला नाही हं, आधीच सांगून ठेवते.

गेले दोन महिने मी गोडसे भटजींच्या 'माझा प्रवास'मधे अडकले आहे. शाळेत धडा होता म्हणून आपण ते 'अठराशे सत्तावन्नचं प्रत्यक्षदर्शी वर्णन' वगैरे समजून बाजूला ठेवलेलं असतं. अगं, ती थरारकथा आहे! पेणजवळच्या वरसईचा एक गरीब भिक्षुक, डोक्यावर कर्ज, कानावर आलं की बायजाबाई शिंदे मथुरेला मोठा यज्ञ करणार आहेत, म्हणजे दक्षिणा मिळणार. म्हणून काकाला बरोबर घेऊन निघाला. साल १८५७. म्हणजे बघ, अख्ख्या हिंदुस्थानात जाऊ नये अशा वेळी, जाऊ नये अशाच दिशेला, आणि तेही चार पैसे मिळतील ह्या आशेने! वाटेत शिपाई भेटून सांगतात की आता बंड होणार, मागे फिरा, आणि हे दोघं विचार करतात की इतकं आलोय तर. मला तर हे दोघं लग्नाला निघालेल्या आपल्याच नातेवाईकांसारखे वाटतात, घाटात दरड कोसळली तरी "बघू पुढे जाऊन" म्हणणारे.

मग ते नेमके झाशीत सापडतात, इंग्रजांचा वेढा पडतो, आणि शहर पडल्यावर जे काही होतं ते त्याने लपूनछपून पाहिलेलं आहे. मला सगळ्यात जास्त काय लागलं माहितीये? लुटीचं वर्णन. लूट म्हणजे आपल्याला वाटतं एका झटक्यात होते. हा सांगतो ती टप्प्याटप्प्याने होते, आधी सोनंनाणं जातं, मग भांडीकुंडी, मग कपडे, धान्य, शेवटी घरात काही म्हणजे काही उरत नाही. राणीचा ग्रंथसंग्रह गेला त्याचं दुःख पण हा भटजी करतो, स्वतःचा जीव मुठीत असताना. आणि नंतर ती विहिरीवरची भेट. धुळीने माखलेली, तहानलेली राणी, हा पाणी काढून द्यायला पुढे होतो आणि ती त्याला थांबवते, तुम्ही विद्वान ब्राह्मण, मीच काढते म्हणते. पुतळ्यातली राणी आपण सगळ्यांनी पाहिली आहे. दोर ओढणारी राणी मला इथे भेटली.

न आवडण्यासारखं पण त्यात खूप आहे. जातीपातीबद्दल आणि बायकांबद्दल त्याची जी मतं आहेत ती वाचताना मी दोनदा पुस्तक आपटलं, नवऱ्याने विचारलं काय झालं, मी म्हटलं भटजीशी भांडतेय. पण हा माणूस शूर असल्याचा आव आणत नाही, भीती वाटली तिथे वाटली म्हणतो, कमावलेलं लुटलं गेलं की त्याचा हिशेब सांगतो, आणि शेवटी काय घेऊन घरी येतो, तर आईवडिलांसाठी खांद्यावरून आणलेली गंगेच्या पाण्याची कावड. एवढ्या सगळ्या उलथापालथीतून काशीहून वरसईपर्यंत कावड! पुस्तक छापून आलं ते १९०७ साली, चिंतामणराव वैद्यांनी, भटजी गेल्यानंतर. वैद्यांनी त्यात बराच हात फिरवला होता, मूळ हस्तलिखिताप्रमाणेची आवृत्ती दत्तो वामन पोतदारांनी नंतर काढली. मिळाली तर ती घे. वाक्यं ओबडधोबड लागतील, पण माणूस तिथेच जास्त भेटतो.

दुसरं म्हणजे लंपन. प्रकाश नारायण संतांचा 'वनवास' आणि 'शारदा संगीत'. हे मी दर दोन-तीन वर्षांनी वाचते, औषधासारखं. बेळगावकडचं गाव, आजी-आजोबांकडे राहणारा मुलगा, मधेच कानडी शब्द, आणि त्याचं ते म्याडसारखं. आम्हा मिरजकरांना ही भाषा फार जवळची, इथून पुढे दोन-चार स्टेशनं गेलं की गाडीत कानडी सुरू होतंच. संत कऱ्हाडला भूगर्भशास्त्र शिकवायचे. लंपनच्या पहिल्या गोष्टी साठच्या दशकात लिहिल्या आणि मग इतकी वर्षं गप्प बसले की 'वनवास' पुस्तक म्हणून आलं तेव्हा १९९४ उजाडलं होतं. इतकी वर्षं हा मुलगा त्यांच्या आत बसून राहिला आणि मोठा झाला नाही, ह्याचंच मला नवल वाटतं. तुला गाण्याचा कंटाळा येतो ना, तर गाण्याच्या क्लासला जाणारा लंपन वाच. गाणं कळत नसलेल्या पोराला गाणं कसं ऐकू येतं ते आहे त्यात.

कृष्णात खोतांचं 'रिंगाण' पण वाचलं, ज्याला २०२३ चा साहित्य अकादमी मिळाला. धरणासाठी उठवलेलं गाव, मागे राहून रानटी झालेली म्हैस आणि तिला आणायला परत गेलेला माणूस, बस, एवढीच गोष्ट. पन्हाळ्याकडची बोली आहे, मला सोपी गेली, तुला पहिली वीस पानं जड जातील. मोठ्यांदा वाचलंस तर कमी जड जातील, पण लोकलमधे ते जमणार नाही.

आता अल्बम.

माझ्या भाच्याने मला जबरदस्तीने जॉन कोल्ट्रेनचा 'अ लव्ह सुप्रीम' ऐकायला लावला. मी जॅझ म्हणजे हॉटेलात जेवताना मागे वाजतं ते, एवढंच समजत होते. तो म्हणाला, मावशी, फक्त तेहेतीस मिनिटं आहेत, कुकर लावायच्या आधी होईल. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा खरंच सांगते, मधला भाग म्हणजे भांड्यांची मांडणी कोसळल्यासारखं वाटलं. पण पहिल्या तुकड्यात एक चार सुरांची ओळ बासवर सुरू होते, मग सॅक्सोफोन तीच ओळ वेगवेगळ्या पट्ट्यांमधे फिरवत राहतो, बाराच्या बारा पट्ट्या, आणि मग अचानक माणसाचा आवाज येतो आणि तीच चार अक्षरं म्हणायला लागतो, परत परत, परत परत. मी हातातलं काम ठेवून दिलं. अगं, हा तर गजर आहे! आमच्या गल्लीत एकादशीला भजन संपताना जो नामाचा गजर होतो, टाळ वाढत जातात आणि शब्द झिजून नुसता ठेका उरतो, तेच की. मग भाच्याने सांगितलं की कोल्ट्रेन आधी ड्रग्ज आणि दारूत पार बुडालेला होता, १९५७ मधे त्यातून बाहेर पडला, आणि हा अल्बम त्याने देवाला वाहिलेला आहे, तसं त्याने अल्बमसोबतच्या मजकुरात लिहिलंच आहे. ९ डिसेंबर १९६४ ला न्यू जर्सीतल्या एका स्टुडिओत चौघांनी मिळून वाजवला. शेवटच्या तुकड्यात तर तो स्वतःच लिहिलेली प्रार्थना सॅक्सोफोनवर 'वाचतो', एकेक शब्द सुरात, ओठातून एक अक्षर न काढता. आणि त्याने मुलाचं नाव रवी ठेवलं, आपल्या रविशंकरांवरून. मला जॅझ आवडतं असं मी अजूनही म्हणणार नाही. ही तेहेतीस मिनिटं आवडतात, आणि तो कोसळण्याचा मधला भाग अजून पण मला थोडा जास्तच वाटतो.

दुसरा, अरूज आफताबचा 'व्हल्चर प्रिन्स', २०२१ चा. ही लाहोरची बाई, आता न्यूयॉर्कमधे असते. अल्बमचं काम चालू असताना तिचा धाकटा भाऊ गेला आणि मग अल्बम त्याच्यासाठीच झाला. त्यातली 'मोहब्बत' म्हणजे हफीज होशियारपुरींची जुनी गझल, मेहदी हसनसाहेबांनी गायलेली. आमच्या घरात ती कॅसेट घासून घासून पातळ झाली होती, त्यामुळे मी आधी कपाळाला आठ्या घालूनच ऐकायला बसले. मेहदी हसन गझल समजावून सांगतात, एकेका शब्दाला कुरवाळत. ही समजावत नाही. ही नुसती बसून असते, जसं माणूस गेलेल्या घरात बायका दुसऱ्या दिवशी दुपारी बसून असतात, बोलण्यासारखं सगळं बोलून झालेलं. मागे हार्प आणि गिटार, हार्मोनियमचा भरणा नाही. ह्याच गाण्याला २०२२ मधे ग्रॅमी मिळालं. मी हा अल्बम फक्त रात्री ऐकते, आणि सलग दोनदा कधीच नाही. एक तक्रार आहे, सात गाण्यांत तिचा आवाज इतका एकाच उंचीवर राहतो की मला चौथ्या-पाचव्या गाण्याला उठून पाणी प्यावंसं वाटतं.

आणि तिसरं म्हणजे आमचे अब्दुल करीम खाँसाहेब, पण अल्बम म्हणून नाही, जुन्या ७८ च्या तबकड्यांचं जे संकलन मिळतं ते. त्या तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन-सव्वातीन मिनिटं मावायची, त्यामुळे एरवी तासभर गाणारा माणूस अख्खा राग तीन मिनिटांत बसवायचा. पसारा नाही, नुसता अर्क. त्यांची 'पिया बिन नहीं आवत चैन' ही झिंझोटीतली तबकडी ऐकून गदगचा एक अकरा वर्षांचा मुलगा गुरूच्या शोधात घर सोडून पळाला. तो मुलगा म्हणजे भीमसेन जोशी. तुझ्यासारखीला शास्त्रीयात घुसायचं असेल तर हेच दार बरं आहे. तीन मिनिटांत भाजीची यादी होत नाही, कोथिंबिरीपर्यंत येतेस तोवर गाणं संपतं.

आता तुझ्या रविवारकडे येऊ या.

माझी यादी तू तिथे वापरलीस तर पहिल्याच प्रश्नाला अडकशील. सर विचारतील, कोल्ट्रेनमधलं काय आवडलं, आणि तू काय म्हणशील? अप्रतिम. झालं मग, परत तिथेच.

तू 'दुनियादारी' आणि 'गारवा'च घेऊन जा. पण नीट घेऊन जा. तुझ्या लक्षात आलंय का, 'कोसला' आणि 'दुनियादारी' दोन्ही पुण्यातल्या कॉलेजच्या पोरांच्या गोष्टी आहेत! एक तू साठ पानात सोडलंस आणि एक तीनदा वाचलंस. हे फार मजेशीर आहे, आणि ह्यावर तुमच्या गटात दुसरं कोणीच बोलू शकणार नाही, कारण बाकी सगळ्यांना 'कोसला' अप्रतिम वाटलेलं आहे. एका पुस्तकातला मुलगा पुण्यात येऊन एकेक माणूस गळत गळत एकटा पडत जातो, दुसऱ्यातल्याला कट्टा सापडतो. तुला कट्टा हवा आहे, त्यात चूक काय? रोज सकाळच्या फास्ट लोकलला लटकून बँकेत जाणाऱ्या बाईने परत एकटं पडायला पुस्तक कशाला उघडायचं? हेच बोल, तुझ्या शब्दात. 'दुनियादारी'त मला काय खटकतं ते पण सांगून ठेवते, शिरवळकरांचे डायलॉग इतके चमकदार असतात की सगळीच पात्रं अधूनमधून एकाच तोंडाने बोलतात, आणि पोरींना पोरांच्या मानाने जागा फार कमी. तुला हे पटत नसेल तर तिथे उलट बोल, मला आवडेल. तिसऱ्या वाचनात पहिल्यापेक्षा वेगळं काय दिसलं, हा प्रश्न मात्र स्वतःला नक्की विचारून जा, कारण सर तो विचारणारच.

'गारवा' आला १९९८ मधे, तू तेव्हा बारा-तेरा वर्षांची असशील. म्हणजे ती कॅसेट तुझी नव्हतीच. कोणाची होती? ताईची, शेजारच्या दादाची, क्लासमधल्या कोणाची? तिथून सुरुवात कर. सौमित्र आधी कविता म्हणणार आणि मग मिलिंद इंगळे गाणार, ही जी बांधणी आहे ना, तिने त्या काळात किती पोरापोरींना कविता मोठ्यांदा म्हणायची असते हे शिकवलं. मला स्वतःला तो अल्बम अर्धाच आवडतो. त्यातला पाऊस खिडकीतून बघायचा पाऊस आहे. आमच्या जत-आटपाडीकडे पाऊस म्हटलं की माणसं आधी आभाळाकडे आणि मग बोअरकडे बघतात, तिथे ह्या गाण्यांवर कोणी उसासे टाकत नाही. पण डोंबिवलीत जूनमधे पहिली सर येते, लोकल पंधरा मिनिटं उशिरा, प्लॅटफॉर्मवर ओल्या छत्र्यांचा वास, आणि हेडफोनमधे ते सुरू होतं, तर ते तिथलंच गाणं आहे, त्याला मी मिरजेत बसून काय नावं ठेवणार!

किंमत जाईल म्हणतेस. गटात कोण कोण आहे मला माहीत नाही, एखादा नाक मुरडेल, मुरडू दे. पण माझा अनुभव असा की कोणीतरी एकाने खरं बोललं की बाकीचे एकेक करून पिशवीतून आपापलं बाहेर काढतात. आमच्या इथल्या अशाच एका बैठकीत एका अतिशय कडक स्वभावाच्या निवृत्त बाईंनी मान खाली घालून सांगितलं होतं की त्यांना आनंद शिंद्यांची गाणी आवडतात आणि त्या ती फक्त नवरा बाहेर गेल्यावर लावतात. त्या दिवशी चहा दोनदा झाला.

आणि एक वरवरचं पण महत्त्वाचं. पूर्ण अल्बम लावू नकोस, एकच गाणं, आणि त्याच्या आधीची कविता. पुस्तकातलं दीड पान, त्याहून जास्त नाही, आणि घरी दोनदा मोठ्यांदा वाचून बघ, नवरा हसला तर हसू दे. स्पीकर आधी जाऊन जोडून बघ. मी एकदा मोठ्या ऐटीत खाँसाहेबांची भैरवी लावली, सगळे गप्प, पहिला सूर लागला आणि स्पीकरमधली ती बाई खणखणीत आवाजात म्हणाली, "बॅटरी लो."

– ताई

ता. क. सर जर "गारवा? हं..." असं म्हणून चष्मा काढायला लागले तर अजिबात खुलासा करायला जाऊ नकोस, सरळ गाणं लाव. आणि लावल्यावर कोणाच्या पायाचा अंगठा हलतोय ते बघून मला कळव.